दिनकर, तू अर्धंच ऐकून गेलास

दिनकर, मला तुला दोन गोष्टी सांगायच्या होत्या. पहिली एका शब्दाची होती. ती ऐकलीस, लाल झालास आणि पाठ फिरवून चालू लागलास. दुसरी माझ्या तोंडात तशीच राहिली. परवा तुला मंडाईच्या स्मशानात, दाहिनीत ठेवून आलो तरी ती तिथेच आहे. म्हणून लिहायला बसलोय. माझं शिक्षण चौथी, तेही मास्तरांनी दया केली म्हणून. तू असतास तर म्हणाला असतास, "बापू, ऱ्हस्व-दीर्घ राहू दे, काय पाहिलंस ते सांग." तेच सांगतो.

बाकीच्यांनी तुझ्याबद्दल पुष्कळ सांगितलं. पोलादाच्या कारखान्यातला इंजिनिअर, अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलचा पंच, शाळेच्या पोरांपासून कॉलेजच्या मोठमोठ्या सामन्यांपर्यंत, सबंध उमेद त्यात गेलेली. हजारो माणसं आरडाओरडा करायची आणि तू हात वर केलास की गप्प व्हायची, म्हणे. असेल. मी त्यातलं काही पाहिलेलं नाही. मी पाहिलेला दिनकर चोआ चू कांगच्या आमच्या ब्लॉकमधल्या लिफ्टमधून बाहेर पडतो, अंगात काळे-पांढरे पट्टे, डोक्यावर पांढरी टोपी, हातात बॅग.

मी तेव्हा इथे नवा होतो. बायको गेल्यावर मुलाने, अविनाशने, मला गावाकडून उचलून इथे परदेशात आणलं. तो सकाळी कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडला कामाला जायचा, सून बँकेत, आणि मी ब्लॉकखालच्या बाकावर. तुला बघून मी मोठ्यानेच म्हणालो, "हा कुठला कैदी सुटला रे बाबा!" इथे मराठी कोणाला कळणार, अशी माझी खात्री. तू थांबलास. बॅग खाली ठेवलीस.

"सुटलेलो नाही," तू म्हणालास. "पॅरोलवर आहे. संध्याकाळी परत हजर व्हायचंय."

माझी अशी जिरवलेली मला आवडत नाही. पण कितीतरी दिवसांनी माझ्याशी कोणी टोमण्यात बोललं होतं. मी विचारलं, हे सोंग कशासाठी? म्हणालास, फुटबॉल. मग चेंडू दाखवलास, तर तो लांबट, दोन्हीकडे टोक असलेला. मी म्हटलं, "हा हातात घेऊन पळतात, मग फुटबॉल का म्हणायचं?" तू म्हणालास, "ते मलाही अजून कळलेलं नाही. शनिवारी येतोस? खांब धरायला माणूस हवाय."

असा मी इथल्या अमेरिकन लोकांच्या पोरांच्या खेळात शिरलो. तूच समजावलंस, आणि माझ्या भाषेत समजावलंस, म्हणून कळलं. एक बाजू चढाई करते. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकली तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे. ते दहा यार्ड मोजायला मैदानाच्या कडेला दोन खांब आणि मध्ये साखळी. एक खांब माझ्याकडे. तू म्हणालास की तूही तिकडे अशाच साखळीपासून सुरुवात केलीस, कॉलेजात असताना, कडाक्याच्या थंडीत. साखळीवाल्याचा नियम एकच: तोंड बंद. मैदानात काहीही होवो, साखळीवाल्याला मत नसतं.

"हे माझ्याच्याने व्हायचं नाही," मी म्हटलं.

"बघू," तू म्हणालास.

जमलं मला, दिनकर. साऱ्या जन्मात कोणासाठी तोंड बंद ठेवलं नव्हतं, तुझ्या साखळीसाठी ठेवलं.

फाऊल झालं की फेकायचा तुझा पिवळा रुमाल आठवतो? वाऱ्यावर भरकटू नये म्हणून त्याच्या टोकाला वजन लागायचं. तिकडे तुम्ही मक्याचे दाणे घालायचात. इथे मी सुनेच्या डब्यातले मूग काढून टोकात शिवून दिले, चांगली दुहेरी टीप मारून. मग एका शनिवारी पाऊस झाला, तू रुमाल ओलाच बॅगेत कोंबलास, आणि पुढच्या सामन्यात भर मैदानात फेकलास तेव्हा टाक्यांमधून मोड बाहेर आलेले. तो गोरा तरुण पंच ब्रायन रुमाल हातात घेऊन बघतच राहिला. तू माझ्याकडे वळून मराठीत ओरडलास, "बापू, फाऊलची उसळ झाली!" खांब हातात धरून मी इतका हसलो की साखळी हलली, आणि तू लगेच मला बोट दाखवून दम भरलास. मैत्री मैत्रीच्या जागी, साखळी साखळीच्या जागी.

पण आपलं खरं जमलं ते भांडणावर. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, त्या खाण्याच्या गाळ्यांत, तू कॉफी घ्यायचास, मी चहा, आणि ती चिनी मावशी न विचारता दोन्ही आणून ठेवायची. तिथे मी तुला माझी चढाई सांगितली. जिल्ह्याची कबड्डीची अंतिम लढत. शेवटची चढाई माझी. दोघांना शिवून मी फिरलो, तिघांनी पाय धरले, मी अंग लांब टाकलं आणि बोटं मध्यरेषेला लावली. दम चालू होता. पंचाने शिट्टी मारली. बाद! तो बघतच नव्हता, दिनकर. व्यासपीठावर कोणी पुढारी येत होता, हार-तुरे चालले होते, पंचाची मान तिकडे. मी उठून विचारलं, "तुम्ही बघितलं का?" तो म्हणाला, "बघितलं." त्या एका शिट्टीने राज्याच्या संघातली माझी जागा गेली, तिच्याबरोबर पोलिसातली नोकरी गेली, आणि मी जन्मभर साखर कारखान्यात बॉयलरपुढे शेकत राहिलो.

हे ऐकून माणूस काय म्हणतो? अरेरे म्हणतो. अन्याय झाला म्हणतो. तू काय विचारलंस?

"पंच कुठे उभा होता?"

"अरे, कुठे का असेना! मान तिकडे होती!"

"मग त्याने खोटं सांगितलं, हे पटलं."

"म्हणजे मी बाद नव्हतो."

"ते मला माहीत नाही. मी तिथे नव्हतो."

"मी होतो ना! मी सांगतोय!"

"तू सांगतोयस. मी पाहिलेलं नाही. आणि तू तरी पाहिलंस, की वाटलं? तुझं तोंड मातीत होतं."

चहाचा कप मी तुझ्या अंगावर फेकायचा बाकी ठेवला होता. पण पुन्हा दुसऱ्या दिवशी आलोच. ती चढाई मी तुला किती वेळा सांगितली असेल! दरवेळी वाटायचं, आज म्हणेल. बापू, तू आत होतास, एवढंच. मन राखायला म्हणून का होईना. नाही म्हणालास. "न पाहिलेलं मी सांगत नाही," हे तुझं पालुपद. एवढी वर्षं मी कारखान्यात ज्याला ज्याला ती गोष्ट सांगितली त्याने मला आत म्हटलं, आणि माझा एकुलता एक दोस्त मला मधल्या रेषेवर लोंबकळत ठेवून गेला.

मग तो दिवस, जेव्हा तू मला नेमलंस.

तू म्हणालास, तुझा तिकडचा गुरू, एक म्हातारा पंच, त्याने तुला एक रीत घालून दिली होती. पंचाने आपला एक माणूस नेमायचा. तो ज्या दिवशी 'उतर' म्हणेल, त्याच दिवशी मैदानातून उतरायचं. कायमचं. कारण विचारायचं नाही, उद्यावर टाकायचं नाही. कारण पंचाला स्वतःचं म्हातारपण सगळ्यांत शेवटी कळतं. तुझा तिकडचा माणूस वारला होता.

"आता तू," म्हणालास.

"मी? मला तुमचा खेळ निम्मा कळत नाही."

"खेळ कळणारे मला मान देतात. तू देत नाहीस."

"ते खरंय."

"आणि तुला दया येत नाही."

हे मला जरा लागलं. पण शब्द मागितलास, मी दिला. माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते मी कधी हलकं दिलेलं नाही.

तू तेव्हाच का मागितलास, ते नंतर उमगलं. तू मान वाकडी करायला लागला होतास. समोरचं बघायचं तर डोकं बाजूला न्यायचास, दाणा बघणाऱ्या कोंबडीसारखं. बस आली की, "बापू, कुठली आहे बघ रे, चष्मा घरी राहिला." चष्मा नाकावर! मग एकदा मावशीने कॉफी ठेवली आणि तुझा हात कपाच्या शेजारी, रिकाम्या जागेवर मिटला. तू माझ्याकडे बघितलंस. मी कप सरकवला नाही. मला दया येत नाही ना.

"मधोमध डाग आलाय," तू हळूच म्हणालास. "दोन्ही डोळ्यांत. कडेचं सगळं दिसतं. वाढत जाणार म्हणतात."

"मेधाला माहीत आहे?"

"लेकीला सांगितलं तर उद्यापासून हात धरून रस्ता ओलांडवेल. तूही सांगायचं नाहीस."

"आणि मैदानावर?"

"मैदानावर कडेचंच जास्त लागतं," म्हणालास आणि हसलास. मी हसलो नाही.

तेव्हापासून माझे शनिवार नासले. तुला वाटायचं बापू साखळी धरून उभा आहे. मी तुझी मान धरून उभा होतो. प्रत्येक ढिगात कोणी खाली दबलं की माझे कान तुझ्या शिट्टीकडे. ती पोरं वरून गाद्या बांधून, हेल्मेट घालून राक्षसासारखी दिसतात, पण आतली मान कोणाच्या तरी लेकराचीच असते. शिट्टी थोडी उशिरा वाजली तर? मेधाने मला लिफ्टपाशी गाठून विचारलं होतं, "काका, बाबा हल्ली पायऱ्यांवर थबकतात. डोळे ठीक आहेत ना त्यांचे?" मी म्हटलं, "त्यालाच विचार." ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी लिफ्टच्या दाराकडे. सांगू तर तुझा शब्द मोडतो, न सांगू तर त्या पोरांच्या माना. 'उतर' म्हणावं तर तुझी अजून एकही चूक दिसलेली नव्हती. एक शिट्टी उशिरा नाही, एक निशाण चुकीचं नाही. कशावर म्हणू? वाटलं म्हणून? तूच शिकवलं होतंस, वाटलेलं चालत नाही.

आणि मग हंगामाचा शेवटचा सामना आला.

पश्चिमेकडून आभाळ काळं होत आलं होतं. इथे विजेची भीती असली की मैदानावर भोंगा वाजतो आणि सगळ्यांना बाहेर काढतात, मग देव आला तरी खेळ नाही. सगळ्यांची एक नजर आभाळाकडे. त्यात एक पंच तापाने आला नव्हता, म्हणून तुझ्या नेहमीच्या जागेवर दुसऱ्याला उभं करून शेवटी तू स्वतः गोलरेषेवर आलास, माझ्या बाजूच्या कडेला. ब्रायन समोरच्या कडेला. निळी पोरं थोडक्यात पुढे, लाल पोरं अगदी रेषेच्या तोंडाशी, त्यांचा शेवटचा प्रयत्न. चेंडू रेषेपार गेला तर लाल जिंकणार, नाही गेला तर निळे. एवढं जवळ आलं की साखळीचं काम संपतं. मी खांब आडवा टाकून तुझ्या मागे उभा राहिलो. तुझ्या मानेवरचा घाम दिसत होता मला.

चेंडू निघाला. लाल पोराने तो छातीशी धरला आणि थेट तुझ्या अंगावर आल्यासारखा आला. तिघे त्याच्यावर पडले. तुझी मान वाकडी झाली, आधी एकीकडे, मग दुसरीकडे. शिट्टी वाजली. वेळेवर वाजली, ते मी इथे लिहून ठेवतो.

आणि मग काहीच नाही.

हात वर केले की गोल. खाली आडवे हलवले की नाही. तू दोन्ही केलं नाहीस. लालवाला प्रशिक्षक ओरडला, "रेफ! इट्स इन! इट्स इन!" निळ्यांकडून कोणी ओरडलं, "नो वे!" सगळ्या आया उठून उभ्या. पोरं ढिगातून उठेनात, तुझ्याकडे बघत राहिली. आणि तू पुतळ्यासारखा. मनात म्हणालो, अरे, कर काहीतरी. उचल, नाहीतर हलव. तू रेषेवर उभा आहेस, दिनकर, तुझ्याइतकं जवळ कोणी नाही. तू जे करशील ते खरं. कोण तुला पकडणार आहे?

हे मनात आलं आणि त्याच दमात मला तो हार-तुऱ्यांकडे बघणारा पंच आठवला. त्यालाही कोणी पकडणार नव्हतं.

तू वळलास. सबंध मैदान आडवं ओलांडून ब्रायनकडे गेलास. पळाला नाहीस, चाललास. एवढी शांतता झाली की दोरीवर झेंडा आपटतोय ते ऐकू येत होतं. तुम्ही काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. मग तू परत मध्ये आलास आणि हात आडवे हलवलेस. गोल नाही.

लालवाला प्रशिक्षक धावत आत घुसला. "यू वर राइट देअर! राइट देअर!" बोट तुझ्या छातीकडे. एवढं इंग्रजी मला कळतं. तू शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "आय डिडन्ट सी इट. ही डिड." मला दिसलं नाही, त्याला दिसलं.

भोंगा वाजला. सगळे छपराकडे पळाले. तू पळाला नाहीस. रुमाल खिशात घातलास आणि सरळ माझ्याकडे आलास. पहिले थेंब पडायला लागले होते.

"सांग," म्हणालास.

"उतर," मी म्हटलं.

तुझा चेहरा मी आधी कधी असा पाहिला नव्हता.

"का?"

"कारण विचारायचं नाही, असं ठरलंय."

"बापूसाहेब," तू म्हणालास. आपल्यात साहेब आलं की समजायचं. "आज मी चूक केली का?"

"चूक म्हणत नाही. उतर म्हणतोय."

"ज्याने पाहिलं त्याला मी विचारलं. आयुष्यभर मी तरुण पंचांना हेच शिकवत आलो. जो निर्णय द्यायला सगळ्यांत जड, तो आज दिला, आणि त्यासाठी मला उतरवता?"

"तुला दिसलं नाही."

"दिसलं नाही हे मला कळलं! ज्या दिवशी तेही कळणार नाही, त्या दिवशी म्हणा उतर!"

"तो दिवस आला की कोणाच्या तरी पोराची मान मोडलेली असेल."

पावसाने तुझे पट्टे अंगाला चिकटले होते. मी दुसरं वाक्य बोलायला तोंड उघडलं, तर तू बॅग उचललीस आणि चालायला लागलास. छपराकडे नाही, फाटकाकडे. हाक मारायला हवी होती म्हणशील. अरे, पण रीत तू मोडलीस, कारण तू विचारलंस, आणि हाक मी मारायची?

त्यानंतरचा आपला अबोला सगळ्या ब्लॉकला माहीत झाला. तू हॉकर सेंटरची वेळ बदललीस. मीही बदलली, आणि पुन्हा एकच वेळ आली, म्हणून पुन्हा बदलली. मावशीने विचारलं, "अंकल, युवर फ्रेंड नो कम आह?" मी म्हटलं, "बिझी." ती म्हणाली, "ही आल्सो से बिझी लाह." आणि एकदा आपण लिफ्टमध्ये सापडलो. दार बंद झालं. तू बटणांपाशी होतास.

"तुम्हाला कितवा?" तू विचारलंस. जसा माझा मजला तुला ठाऊकच नव्हता.

"चौथा. दिसतंय का बटण?"

तू बोटाने वरून चाचपत खाली आलास आणि बरोबर चौथं दाबलंस. मी उतरलो. ते आपलं शेवटचं बोलणं. टोमणा होता, हो. पण पहिला तू मारलास.

मग एका सकाळी मेधा आमच्या दारात, अनवाणी. "काका, बाबा उठत नाहीत." मी वर आलो. तू कुशीवर होतास, मान वाकडी, जसं काही कडेने बघत होतास. मी बराच वेळ थांबलो. तू चिडलास की आधी श्वास लांब घेतोस, म्हणून.

मंडाईला तुझे पंच आले. सगळे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत. दाहिनीच्या हॉलमध्ये आपली माणसं पांढऱ्या कपड्यांत आणि ते पट्ट्यांत, आणि मला आपली पहिली भेट आठवली. म्हटलं, पॅरोल संपला रे तुझा. मेधा माझ्याजवळ आली. डोळ्यांचं तिला आता डॉक्टरांकडून कळलं होतं.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत!"

"त्याने मला पंच नेमलं होतं, पोरी. चुगलखोर नव्हे."

ती रागाने माझ्याकडे बघत राहिली, अगदी तुझ्यासारखी, मग तुझा पिवळा रुमाल माझ्या हातात कोंबला आणि रडायला लागली. तो मी तुझ्याजवळ ठेवला. मी पुन्हा शिवलेले मूग तसेच होते त्यात. वर कोणावर फेकायची वेळ आली तर वजन असू दे.

मग ब्रायन आला. हातात पांढरी टोपी, मुख्य पंच घालतो ती, तुझी. मी अविनाशला जवळ ओढलं आणि सांगितलं, हा काय म्हणतो ते मला सगळं सांग, गाळू नकोस. ब्रायन म्हणाला की त्या शेवटच्या सामन्याच्या संध्याकाळीच तू त्याला फोन केला होतास. म्हणालास, टोपी घेऊन जा, पुढच्या हंगामापासून तू. त्याने कारण विचारलं, तर म्हणालास, "माझ्या माणसाने उतर म्हटलंय."

दिनकर, त्याच संध्याकाळी! म्हणजे तू रीत पाळलीस. ओल्या पट्ट्यांत घरी गेलास, माझ्यावर दात-ओठ खाल्लेस, आणि पाळलीस. आणि मला एका शब्दाने कळू दिलं नाहीस. एवढे दिवस मी तुला मनात शब्द मोडणारा म्हणत होतो, आणि तू वर अकराव्या मजल्यावर टोपी देऊन मोकळा होऊन बसला होतास! हा तुझा शेवटचा हट्ट. माझ्यापेक्षा मोठा निघालास, हे एकदाच लिहितो, पुन्हा लिहिणार नाही.

मी अविनाशला म्हटलं, "विचार त्याला, त्या दिवशी चेंडू कुठे होता." ब्रायनने सांगितलं, पोराचा गुडघा आधी टेकला, चेंडू रेषेच्या अलीकडे होता. आणि म्हणाला, तू त्याला मैदानात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला होतास. पाहिलंस, की वाटतंय? पाहिलंस, की वाटतंय? त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, पाहिलं. मग तू वळलास.

तर आता दुसरी गोष्ट ऐक. पाठ फिरवायची सोय आता तुला नाही.

'उतर' मी मागे घेत नाही. त्या पोरांच्या मानांसाठी म्हटलं होतं, तुझ्या चुकीसाठी नाही, आणि उद्या पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा म्हणेन. पण 'उतर'च्या मागे एक वाक्य होतं. पावसात ते पुरतं जुळलेलं नव्हतं, एवढं कबूल, पण होतं. उभ्या जन्मात मी कोणत्याही पंचाला जे म्हटलं नाही, ते होतं. चेंडू आत होता की बाहेर, मला माहीत नाही. एका पोराची पाठ मध्ये आली, मी पाहिलं नाही, आणि न पाहिलेलं मी सांगत नाही. पण सगळं मैदान बघत असताना 'मला दिसलं नाही' म्हणणारा पंच मी पाहिला. अगदी जवळून, तुझ्या मानेमागे उभा राहून पाहिला. माझ्या वेळेला तसा एक असता तर मी बाद ठरलो असतो तरी घरी जाऊन जेवलो असतो.

निर्णय बरोबर दिलास, पंच.

आणि दिनकर, माझी बोटं रेषेला लागली होती. तोंड मातीत होतं, पण बोटं माझी होती. तिथे तू नव्हतास. मी होतो.